शिवण धरेल का

११ जानेवारी, कारधा

काल नागपूरहून घरी आणलं. मागच्या सीटवर आडवी, डोकं लेकीच्या, पल्लवीच्या मांडीवर. पुलावर गाडी चढली आणि नदीचा वास आला, तेव्हा कळलं की घर आलं. एरवी या पुलावर मी उभ्यानं तिकिटं फाडते.

सप्टेंबरात गर्भपिशवी काढली, अंगावरून जाणं थांबेना म्हणून. काढताना लघवीच्या पिशवीला भोक पडलं. तेव्हापासून रात्रंदिवस गळणं, फडक्यांच्या घड्या, वास. आता पोट दुसऱ्यांदा उघडून ते भोक शिवलं. आत नळी, नळीला जोडलेली तिसरी पिशवी खाटेला लटकते आहे. एका बाईला किती पिशव्या लागाव्यात.

निघताना नागपूरच्या डॉ. बाई म्हणाल्या, "शिवण धरली तर सुटलात. नाही धरली तर पुन्हा उघडावं लागेल, आणि मग मी आत्ताइतकी खात्री देणार नाही." आत्ता तरी कुठे दिली होती?

१३ जाने.

पिशवी हेच रिकामी करतात, सकाळी राइस मिलच्या बॉयलरवर जायच्या आधी आणि आल्यावर. नाक मुरडत नाहीत. फक्त नंतर हात धुतात ते धुतच राहतात. मी पडल्या पडल्या नळाचा आवाज ऐकते.

ऑक्टोबरापासून त्यांची खाट बाहेर छपरीत आहे. मीच म्हटलं होतं, तुम्हाला झोप लागत नसेल. त्यांनी नाही म्हणावं असं वाटलं होतं. लगेच उचलली.

१६ जाने.

सुनंदा आली, डेपोतली. तीही कंडक्टर. बोरं आणली. खाटेपासून लांब, दाराजवळ बसली. मी ओळखते ते लांब बसणं.

"पवनीच्या गाडीवर पब्लिक विचारून रायली, आपली बाई कुठं गेली म्हणून."

"मग तू काय सांगतेस त्यांना?"

"सांगतो, आजारी आहे. आनखी काय सांगू?"

पहिल्या ऑपरेशननंतर रजा संपली म्हणून मी थोडे दिवस ड्यूटी केली होती, तशीच गळत. सीटवर प्लास्टिक, त्यावर चादर. एका म्हातारीनं तिकीट घेताना पदर नाकाला लावला. मुद्दाम नाही, आपसूकच. त्या दिवशी घरी आले ती परत गेलेच नाही. हे सुनंदालासुद्धा सांगितलेलं नाही.

१९ जाने.

डॉ. बाईंनी सांगितलंय की पाणी भरपूर प्या, नळी वाहती राहिली पाहिजे. सासूबाईंचं वेगळंच. "टाके ओले आहेत बाई. एवढं पानी कायले पेतं? पोट फुगंन. आमी बाळंतिणीले घोटभर देत होतो, तेबी कोमट."

पटलं नाही, पण सोयीचं वाटलं. ड्यूटीवर निघायचं म्हणजे पाणी प्यायचं नाही, गाडीत नुसते ओठ ओले करायचे. आम्ही सगळ्या बायका तसंच करतो, मधे कुठे उतरणार? इतक्या वर्षांत तहान लागायचीच बंद झाली. शिवाय माझा आपला विचार, कमी प्यायलं तर कमी भरेल, शिवणीवर ताण पडणार नाही. पल्लवी तांब्या भरून ठेवते आणि कॉलेजला जाते. अर्धा तांब्या खिडकीखालच्या गवती चहाला जातो. गवती चहा तरारलाय.

२३ जाने.

काल लिहिण्याची सोय नव्हती. दुपारी पोट टरारून आलं. आधी वाटलं गॅस असेल. मग कळ. ओरडायचं नव्हतं तरी ओरडले. पल्लवीनं पिशवी उचलून पाहिली. "आई, याच्यात काहीच नाही उतरून राहिलं." आणि खालून ओलं. तेच कोमट ओलं. मला वाटलं, गेली शिवण.

हे मिलवरून तसेच आले, अंगभर कोंडा. भंडाऱ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरनं पिचकारीनं नळी धुतली, गाळासारखं काहीतरी निघालं आणि एकदम वाट मोकळी झाली. नळी तुंबली होती, म्हणून कडेनं आलं. मग त्यांनी विचारलं, पाणी किती पितात?

"भरपूर पेते," हे म्हणाले. ठाम. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी छताकडे.

घरी आल्यावर म्हणाले, "बॉयलरमदलं पानी सरलं त् बॉयलर फुटते. हे तुले मी सांगाव?" आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

२७ जाने.

नागपूर. डॉ. बाई रागावल्या. नळी आणखी काही दिवस ठेवायची.

मी विचारलं, "आत काही फाटलं का?"

"आत्ता नाही सांगता येणार. नळी काढल्यावर कळेल."

म्हणजे वाट पाहा. माझ्याच हातानं केलं असेल तर तेही तेव्हाच कळेल.

२ फेब्रु.

आता सासूबाई स्वतः पाणी आणतात. गडवा पुढे करतात, "पे", आणि रिकामा होईपर्यंत उभ्या राहतात. बाळंतिणीचं काही बोलत नाहीत. आज जाताना माझ्या पायावरची चादर नीट केली. त्यांची चूक नव्हती, असं म्हणायचं होतं. जमलं नाही.

गर्भपिशवी काढणाऱ्या पहिल्या डॉक्टरचा चेहरा सारखा पुढे येतो. "होतं असं कधीकधी." कुणाचं होतं? राग येतो. रागापेक्षा लाज जास्त, आणि लाज मला का यावी म्हणून पुन्हा राग. दिवसभर हेच चालू.

१२ फेब्रु.

नळी काढली. जळजळ. डॉ. बाई म्हणाल्या, घरी जा, पाणी प्या, वेळच्या वेळी लघवीला जा, मधे काही गळलं तर लगेच फोन करा. येताना गाडीत बसून होते, श्वास धरून. पुलापर्यंत कोरडी.

१५ फेब्रु.

अजून कोरडी. लिहायला भीती वाटते. स्वतःच्या पायांनी न्हाणीत जाते, बसते, आवाज ऐकते. कोणाला सांगितलं तर हसतील, पण ऐकून रडू आलं.

१९ फेब्रु.

शेजारच्या लीलाबाईच्या मुलाचं लग्न, विहारात. पल्लवीनं पिवळी साडी काढून ठेवली होती. काळ्या-चॉकलेटीशिवाय मी कितीतरी महिने काही नेसले नव्हते. नेसले. बायकांच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. कोणी तब्येत विचारली नाही, म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे. जेवताना सासूबाई वाढणाऱ्याला म्हणाल्या, "माह्या सुनेले अजून भात टाक, बरी झाली आता." लीलाबाईचा दीर माइकवर नवरदेवाच्या जागी स्वतःचंच नाव घेऊन बसला, तेव्हा पोट धरून हसले. टाके ओढले तरी हसले.

घरी येऊन साडी सोडली. परकरावर मागे ओला डाग, रुपयाएवढा. हसताना निसटलं असेल, डॉ. बाई म्हणाल्याच होत्या की सुरुवातीला होतं असं. किंवा घाम, विहारात पंखा आमच्या बाजूला नव्हता. नाकाशी धरला. कळेना. इतके महिने नाकात तोच वास बसलाय.

बाहेरून यांनी विचारलं, "थकली का?"

"नाही. बरी आहे."

थोड्या वेळानं ते आणि पल्लवी दोघं छपरीतली खाट धरून आत आले. दारात अडकली, तिरपी केली, भिंतीला लावली. मी परकर धुतला आणि दोरीवर यांच्या लुंगीखाली वाळत घातला.

डॉ. बाईंना फोन उद्या करीन. आज कोरडी, असंच लिहिते.