लासुर्ण्यातल्या खाऱ्या पाण्याची व्यवस्था

मी, अंजली अनुप साळवे, वय ४६, राहणार लासुर्णे, ता. इंदापूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. सोमवारी बारामतीत माझे पित्ताशयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. त्यांच्यासाठी असेल. माझ्या हॅचरीच्या टाक्यांत कोळंबीची लाखभर पिल्ले आहेत.

१. राहते घर पती अनुप यांना मिळावे. त्यांनी कोळंबी कधी तोंडात घातली नाही, पण हॅचरीसाठी समुद्राचे पाणी आणणारा माझा टँकर घाटात बंद पडला तेव्हा रजा टाकून माझ्याशेजारी रस्त्यावर बसले.

२. दागिने मुलगी श्रिया हिला. पाटल्यांचा पंप झाला आहे, त्याबद्दल तिने कुरकुर करू नये.

३. सासरे रामभाऊ, म्हणजे आमचे आबा. आमची कोळंबी गोड्या पाण्यातली, पण तिची पिल्ले सुरुवातीला खाऱ्या पाण्यातच जगतात. म्हणून मी समुद्राचे पाणी कोकणातून टँकरने आणते. आबांची निम्मी जमीन क्षाराने चोपण झालेली. खारट दिसले की जिप्सम टाकायचे, हा त्यांचा जन्माचा रिवाज. पहिल्याच हंगामात त्यांनी माझ्या टाकीत पोतेभर जिप्सम ओतले.

"पोरी, पानी पार खारवटलं हुतं, म्या सुधारलं!"

सगळी पिल्ले गेली. आबांना मी मनापासून माफ केले आहे. माझा रेडिओ त्यांना द्यावा. हॅचरीची किल्ली देऊ नये.

४. भाऊ विकी याला माझ्या शेडमध्ये मंगल कार्यालय काढायचे आहे. "तायडे, टाक्या बुजवल्या की पंगतीला ऐसपैस जागा हाय," असे तो माझ्याच चहाचा घोट घेत म्हणाला. त्याला शेडची एक वीटही देऊ नये. मापे घेताना विसरलेला टेप मात्र परत करावा.

५. हॅचरी, टाक्या आणि पंप नणंद तेजश्री हिला मिळावेत. ती हॅचरीला 'किड्यांची शाळा' म्हणते आणि नाकाला ओढणी लावून आत येते. मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी वीज गेली, जनरेटर सुरू होईना. पाण्यातली हवा थांबली की पिल्ले टिकत नाहीत. आम्ही सगळे मेकॅनिकला फोन करत बसलो. तेजूने सायकलचा पंप एका टाकीच्या नळीला जोडला आणि वीज येईपर्यंत दांडा सोडला नाही.

"घ्या की श्वास, मेल्यांनो!" ती पिल्लांवर ओरडत होती.

तेवढीच टाकी वाचली. त्या टाकीतले बीज, म्हणजे तयार पिल्ले, कळंबच्या शेततळ्यांत गेले आणि धंदा बंद पडला नाही.

इथपर्यंतचा मजकूर मी आज घरच्यांना वाचून दाखवला. तेजू ताडकन उठली.

"मला न्हाय पायजे."

"का गं?"

"खारं पानी किती, गोडं कवा मिसळायचं, मला काय बी ठावं न्हाय. वैनी, तू जाशील निवांत, आन ही पिल्लं माझ्या हातनं मरतील. आदी शिकव."

"लई हंगाम जातील त्यात, तेजू."

"मग मला कुठं घाई हाय?"

सबब कलम ५ ला तिच्या सांगण्यावरून अट जोडत आहे: तेजश्रीला सगळे काम शिकवून झाल्याशिवाय मला मरता येणार नाही. ही अट मला वाचून दाखवली, समजली आणि मान्य आहे.

सही: अंजली अनुप साळवे

साक्षीदार:
१. हिंदुराव निंबाळकर, शेजारी (सही)
२. सोनल गायकवाड, मैत्रीण (सही)

ठिकाण: लासुर्णे
दिनांक: १४ मार्च २०२५