पेटी न उघडता

एर्रेझिल, १२ जानेवारी

चि. लेक ओयाना हिस बापाचे, तुझ्या आइताचे, अनेक आशीर्वाद.

फोनवर आपण दोघंही गप्प बसतो, म्हणून लिहितो. मी बरा आहे. जेवतो. शेजारची एस्कार्ने रोज सूप आणते आणि भांडं न्यायला आली की नजर टाकते, मी प्यायलो की कुत्र्याला घातलं.

तिने एक लकडा लावला आहे. घरचं माणूस गेलं की मधमाश्यांच्या पेटीवर टकटक करून त्यांना सांगायचं, त्या माणसाच्या नावाने चर्चमध्ये लावायच्या दिव्यासाठी मेण मागायचं. नाहीतर माश्या मरतात किंवा निघून जातात. तुझी आई, आपली आमा, गेली; तिच्या दोन्ही पेट्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. एस्कार्ने म्हणते, कारखान्यात जन्मभर लेथवर लोखंड कातून बिशेन्ते, म्हणजे मी, स्वतःच लोखंड झाला. घरच्यानेच सांगायला हवं, म्हणून ती स्वतः जात नाही. मी पेट्यांच्या उतारापर्यंत जाऊन दोनदा परत आलो. पेट्यांतून काही आवाज नाही. उघडून बघू का?

तुझं काम काय चाललंय तेही लिही. समजलं नाही तरी वाचेन.

आशीर्वाद आहेतच.
आइता


दोनोस्तिया, १६ जानेवारी

ती. आइतांस सा. न. वि. वि.

पेटी उघडू नका! थंडीत झाकण काढलं तर ऊब जाते आणि जिवंत असतील त्याही मरतात. आमा पेटीला कान लावून वाजवायची. आत गुणगुण उठली की आहेत. अगदी हळू वाजवलं तर त्या दाद देत नाहीत.

हसू नका, पण माझं कामही असलंच आहे. धातूचा पातळ थर आणि त्याला चिकटलेला सेंद्रिय रेणूंचा थर. फोनच्या पडद्यात असतात तसे. दोन्ही जिथे चिकटतात ती जागा आत गाडलेली. कापून बघावी तर तीच बिघडते. इलेक्ट्रॉनला धातूतून रेणूंत शिरताना तिथेच उंबरठा लागतो. तो किती उंच, ते मला मोजायचंय. म्हणून मी धातूत मागच्या बाजूने इलेक्ट्रॉन सोडते, त्यांची ऊर्जा थोडी थोडी वाढवत. ऊर्जा कमी असेल तर कितीही सोडा, पलीकडे कोणी पोचत नाही. पुरेशी झाली की पलीकडच्या तारेत प्रवाह दिसतो.

मला मात्र शून्यच दिसतंय. नमुना जळेल या भीतीने मी उंबरठ्याच्या अलीकडेच थांबते. शेजारच्या टेबलावरचा उनाश म्हणतो, ओयानाबाई उंबरठा मोजत नाहीत, उंबरठ्यावर बसून राहतात. घरीही यावंसं वाटतं, पण आमाच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसायचं कसं, कळत नाही.

माश्यांना तुम्ही सांगा. आणि सूप प्या.

तुमची माया अशीच असू द्या.
ओयाना


एर्रेझिल, २१ जानेवारी

चि. ओयाना हिस अनेक आशीर्वाद.

काल गेलो. आधी बोटाने वाजवलं आणि मनातल्या मनात बोललो. काही नाही. एस्कार्ने कुंपणापाशी उभी होतीच. तिने ओरडून विचारलं, माश्या काय मनकवड्या आहेत का. मग मूठ वळून जोरात वाजवलं आणि मोठ्याने सांगितलं की कोंचेसी गेली, तुमची मालकीण गेली, तिच्या दिव्याला मेण द्या.

हे वाक्य मी आजवर कुणापुढे म्हटलं नव्हतं. पाद्रीबुवांपुढेही नाही. इतके लोक येऊन इतकं बोलून गेले, पण माझ्या आत काही पोचलं नव्हतं.

कान लावला. आधी माझेच ठोके. मग खालून गुणगुण उठली आणि चढत गेली. मी तसाच उभा राहिलो. कान गार पडला तरी.

दुसऱ्या पेटीलाही तसंच सांगितलं. तिथे काही ऐकू आलं नाही.

तू जप.
आइता


दोनोस्तिया, २५ जानेवारी

ती. आइतांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र खिशात ठेवून काल मी रोजच्या जागी थांबले नाही. ऊर्जा वाढवत गेले. तारेत प्रवाह आला. अगदी बारीक, पण आला. नमुना जळला नाही. उनाशने पुन्हा मोजायला लावलं, पुन्हा आला. ही बातमी सांगायला मी फोन हातात घेतला आणि आमाचा नंबर लावला. मग टेबलाशी बसून रडले. उनाश कॉफी ठेवून गेला.

दुसरी पेटी उघडू नका. रविवारी मी येते. तिला मी सांगून बघते. घरच्या एकानेच सांगायचं, असं काही एस्कार्ने म्हणाली नाही ना?

सूप दोघांपुरतं लागेल, एवढं तिला कळवा.

तुमचीच,
ओयाना