चाचांची अट आणि ग्राफिक्स कार्ड

अकोट,
मे २००८

आदरणीय इनायतुल्लाचाचांना धर्मपालचा सलाम आणि जयभीम.

आपली आणि खुर्शीदबी चाचींची तब्येत बरी असेल, चाचींचा गुडघा निदान जिन्यापुरता तरी ऐकत असेल, अशी आशा करतो. पत्र आपली नात मिस्बाह वाचून दाखवील हे गृहीत धरलं आहे. (मिस्बाह, मोठ्यानं वाच, पण कंसातलं गाळत जा. ते तुझ्यासाठी आहे.) हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी फक्त ऐकतो, हा आपला जुना रिवाज.

मुद्द्याचं आधी. इमादनं सांगितलं की मोतीबिंदूचं ऑपरेशन पावसाळ्याच्या आत झालं नाही तर तुमचा उजवा डोळा हातचा जाईल, असं डॉक्टर म्हणतात. आणि तुमचा मुलगा असूनही त्याला तुम्ही दाद देत नाही. वर मला निरोप धाडलात, "धर्मपाल, खोट तुह्या त्या डब्यात हाय. चांगलं कार्ड बसव. मंग बी रस्ता धुकट दिसला तं डोळा कापू देतो." म्हणजे तुमच्या डोळ्याची जबाबदारी माझ्या कॉम्प्युटरवर आली. गेले दोन आठवडे मला नीट जेवण गेलेलं नाही.

मशीन तेच आहे, अमरावतीचं, राजापेठेतलं. तुमच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायचो ते दिवस आठवले की अजून हसू येतं. एस.टी.नं डोळ्यांच्या तपासणीत नापास करून तुम्हाला स्टेअरिंगवरून उतरवलं, डेपोत टायर मोजायला बसवलं, आणि त्याच आठवड्यात तुम्ही वर येऊन माझ्या रेसच्या गेमसमोर बसलात. सत्तावीस वर्षं अमरावती-अकोट गाडी चालवलेला माणूस! बाकीच्या गाड्या सुसाट निघून जायच्या, आणि तुम्ही वळणावर तोंडानं हॉर्न वाजवत, मागच्याला बाजू देत, घाटात दुसरा गिअर टाकत सावकाश यायचात. (गेममध्ये गिअर आपोआप पडायचे. हे मी तीन वर्षं त्यांना सांगितलं नाही.) शर्यतीत कायम शेवटचा नंबर, पण गाडीला ओरखडा नाही. खालून चाची विचारायच्या, "पोचली का गाडी?" आणि तुम्ही वरून ओरडायचात, "टाइमात पोचली!" चाचा, तेवढं सुख मला नंतर स्वतःच्या जिंकण्यातही कधी मिळालं नाही.

तर कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा मशीनमधला भाग. माझ्या टायपिंगच्या दुकानात यंदा लग्नपत्रिका कमी आणि कर्जमाफीचे अर्ज जास्त येतात. अर्जवाल्याकडे पानाचे पैसे मागायला जीभ उचलत नाही, त्यामुळे नवं कार्ड घेण्याची ऐपत नव्हती. अकोल्याला ओमप्रकाशच्या दुकानात जुनं मिळालं. घरी येऊन मशीनची पेटी उघडली तर कार्डाची खाच एक, मशीनची दुसरी. परत अकोला. ओमप्रकाश म्हणाला, "काहून न विचारता नेलं बे?" (विचारलं होतं. तो समोसा खात होता.) त्यानं बदलून दिलेलं कार्ड बसलं, पण गेम सुरू केला की मशीन धाडकन बंद, आतला वीज पुरवणारा डबाच त्याला पुरेना. डबा आणायला पुन्हा अकोला. आता त्या बसचा कंडक्टर मला "या, कार्डवाले" म्हणतो.

डबाही बसला, गेमही चालला, आणि दहा मिनिटांत कार्ड तव्यासारखं तापलं. आता मी पडलो वऱ्हाडी माणूस. मे महिन्यात काहीही तापलं की आपल्याकडे उपाय एकच, कूलर. पेटीचं झाकण काढलं, कूलर तिच्या तोंडाशी सरकवला, त्याच्या गवताच्या ताट्या चांगल्या भिजवल्या आणि पंखा फुल केला. कूलरनं माणसावर मारतो तसे तिच्यावरही तुषार मारले. फट् असा आवाज झाला, आणि घरभर जळका वास. मी डोकं धरून बसलो. माझी बायको सुभद्रा कार्ड घेऊन गच्चीवर गेली आणि तिनं ते कुरडयांच्या शेजारी वाळत घातलं. "त्याले दोन उन्हं दाखवा," म्हणाली, "अन् तवरीक हात लावू नका." दोन दिवसांनी त्याच्या पंख्यातून कुरडईचे तीन तुकडे काढून मी ते परत बसवलं. विश्वास ठेवा, चाललं!

अट पुरी झाली आहे. रविवारी अकोटला या, डोळे भरून रस्ता पाहा, मग ऑपरेशनचं बोलू. चाचींना सलाम.

आपला,
धर्मपाल

ता. क. पाकीट बंद करण्याआधी सुभद्राला गेम दाखवला. ती म्हणाली, झाडांची पानंसुद्धा मोजता येतात. मला हिरवा गोळा दिसला. तिनं मला समोरच्या मेडिकलची पाटी वाचायला लावली. तिथे पाटी आहे हे मला आजच कळलं.

दुसरा ता. क. मग तिनं राजापेठेतलं जुनं कार्ड परत बसवायला लावलं आणि म्हणाली, "झाडं सुधारली. रस्ता तं पहिलेबी साफच होता." चाचा, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. (मिस्बाह, पुढचं एकही अक्षर गाळू नको.) तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, "रस्ता धुकट काहून दिसून राह्यला?" तेव्हा नापास केल्याचं डेपोचं पत्र तुमच्या खिशात होतं. डोळ्यांचं तेच पुन्हा माझ्या तोंडून तुम्ही ऐकावं, हे माझ्यानं होईना. म्हणून म्हणालो, कार्ड कमजोर आहे. कार्डाचा काही दोष नव्हता. चूक माझी होती, आणि ती तुमच्या डोळ्यावर बेतली. माफ करा.

तिसरा ता. क. तर रविवारी येऊ नका. बुधवारी मीच अमरावतीला येतो. इमादला आत्ताच फोन केला; सरकारी दवाखान्यात तो दोन नावं लिहून ठेवतो आहे, तुमचं ऑपरेशनसाठी आणि माझं चष्म्यासाठी. डोळ्याजवळ कुणी काही आणलं की मला घाम फुटतो; तुम्ही सोबत असल्याशिवाय मी आत जाणार नाही. दहा वाजता फाटकाजवळ उभा राहीन. मी तुम्हाला ओळखलं नाही तर तुम्ही हाक मारा, आणि तुम्ही मला ओळखलं नाही तर मी मारीन.