न वाकणारी काडी

बाबा,

आधी तक्रार. तुमच्या पितळी मुठीच्या पेचकसाला या घरात आता काम उरलेलं नाही. तुमच्या नातीने पाठवलेल्या नव्या चष्म्याला बाहेरून एकही स्क्रू नाही. ज्याने आयुष्यभर पुलगावकरांचे चष्मे आवळले, तो ड्रॉवरमध्ये निवृत्त होऊन पडला आहे, आणि निरोप समारंभाचं कुणी नावही काढलं नाही.

नात पुण्याला हेच चष्मे घडवते. काचेतून समोरचा माणूस दिसतो आणि तो बोलेल ते अक्षरांत तिथेच उमटतं. तिने पहिल्यांदा आणला तो नमुना म्हणजे पाणबुड्याचा टोप होता, वायर थेट खिशातल्या डब्यात. दुसरा वेल्डिंगवाल्याचा वाटे. हा तिसरा मात्र अगदी तुमच्या काळ्या फ्रेमसारखा. सगळं वजन काड्यांमध्ये लपवलेलं. संस्कृतात एम.ए. करून मी आपल्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसलो तेव्हा 'गिऱ्हाईक काही उपनेत्र मागत नाई, चष्माच मागते' असं तुम्ही म्हणाला होतात. आता हे उपनेत्र आईसाठी आलं. तिला चार वर्षांपासून ऐकू येत नाही, आणि कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून तिने डब्यात टाकलं आहे.

पहिल्या दिवशी ती स्वयंपाकघरात चष्मा लावून तुरीची डाळ निवडते आहे. मी सवयीने पुटपुटतो की या घरात डाळीला लागतो तेवढा वेळ तुम्ही सून निवडायला दिला नव्हता. आई खुदकन हसते. मग हात थांबवून माझ्याकडे बघते आणि म्हणते, "इतकं बोलतं तू? मंग मले काऊन नाई सांगत?"

काय सांगणार? ओरडून सांगितलेला विनोद विनोद राहत नाही. कागदावर लिहून दिला तर ती वाचते आणि 'बरं' म्हणते. म्हणून मी सांगणंच सोडलं होतं.

पण चष्मा घसरायचा. आईचा डावा कान उजव्यापेक्षा जरा वर आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मला. नातीच्या कंपनीला फक्त तीन साइज ठाऊक आहेत. तिसऱ्या दिवशी मी तुमची वाळूची कढई काढली, वाळू तापवली, काडी खुपसली, तुम्ही शिकवलं तसं मनात दहा मोजले आणि अंगठ्यावर वाकवायला घेतली. काडी वाकली नाही. काचेतली अक्षरं मात्र गेली ती गेलीच. नातीने फोनवर सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "पप्पा, काडीत बॅटरी असते."

मी माफी मागितली नाही, आणि तुमच्यापुढेही मागणार नाही. चष्म्यानं माणसाच्या मापात यावं, माणसानं चष्म्याच्या नाई, हे तुमचं वाक्य मी तिला जसंच्या तसं ऐकवलं. जी काडी कानापुढे वाकत नाही तिने स्वतःला काडी म्हणवू नये, हे वर माझं. कानामागे कागद धरून आईच्या दोन्ही कानांच्या आकृत्या काढल्या, सोबत दोन पानी खलिता जोडला आणि कंपनीला पाठवला. तिथले लोक आधी हसले म्हणे. मग त्यांनी त्या आकृत्या भिंतीवर लावल्या. आता पुढच्या नमुन्यात काडीचं टोक मऊ असणार, बॅटरी पुढे सरकणार, आणि टोक तापवून वाकवता येणार. मी जिंकलो, बाबा. कढई घासून ठेवली आहे.

कधी येणार, असं विचारलं तर नात म्हणते, पुढच्या वर्षी, बहुतेक. यांचा प्रत्येक नमुना आधीच्यापेक्षा हलका असतो, आणि प्रत्येकाला वर्ष लागतं. जुना पुन्हा पाठव म्हटलं तर तसले बनवणं बंद झालंय म्हणे. आई रोज सकाळी विचारते, "माहा चष्मा आला का रे?" मी नकारार्थी मान हलवतो. तेवढं तिला चष्म्याशिवाय कळतं.

हे पत्र पेचकसाशेजारीच ठेवतो आहे, त्यालाही सोबत होईल. कंपनीशी मी भांडत राहीन, त्याची तुम्ही काळजी करू नका. काडी ते नीट करतील, याबद्दल मला शंका नाही. आई शहाऐंशीची आहे. चष्मा येईपर्यंत ती थांबेल की नाही, याची मला भीती वाटते.