चौथ्या मजल्यावरून खाली

२ मार्च
चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर आणलं. खुब्याचं ऑपरेशन झालेली बाई, आणि प्रत्येक वळणावर तिची वरात! सगळी दारं उघडी. राजापेठेतल्या अर्ध्या पोरांना मी विज्ञान शिकवलंय, आणि आज त्यांच्यापैकीच एक, नितेश, म्हणतो, "बाई, घट्ट धरा, पडसान!"
ठरलं. यापुढे जिवंतपणी चौघांनी मला उचलायचं नाही. मेल्यावर खुशाल उचला, तेव्हा मी काही बोलणार नाही.

९ मार्च
ईशानचा पुण्याहून फोन. "आई, विकून टाक तो फ्लॅट. लिफ्ट नाही, काही नाही. इथेच येऊन राहा."
म्हटलं, मी आले तर माझ्या पायांनी येईन. आणि परत जाण्यासाठी येईन.
फोन आपटला. मीच.

१५ मार्च
सोसायटीचे सेक्रेटरी किशोरराव आले होते. तळमजल्यावर राहतात, आमच्यापर्यंत येईतो धापा टाकत होते. मागच्या बोळात लिफ्ट लावा, हा माझा अर्ज हातात.
"काळी माती हाय बाई. उन्हाळ्यात भेगा पडतेत. हा भार आपली भित झेलन का? बिल्डिंग तडकन! आन् खालच्यायले लिफ्ट काहून पायजे?"
मीटिंग वीस एप्रिलला, खाली पार्किंगमध्ये. जो हजर तोच मत देणार. म्हणजे मी नाही. हुशार आहेत!

१८ मार्च
पडून पडून वाचतेय. पूर्वी अमेरिकेतसुद्धा वरचा मजला म्हणजे गरिबाचा. जिने चढायला कोण तयार? मग एकानं भर प्रदर्शनात पाळण्यावर उभं राहून वरचा दोर कापायला लावला, आणि पाळणा पडला नाही! लोकांना लिफ्टचा भरवसा आला. तरी भिंती आड येतच होत्या. उंच जायचं तर खालची भिंत इतकी जाड करावी लागे की आत माणसाला जागा उरेना. शेवटी लोखंडाचा सांगाडा आला. भार सांगाड्यावर, भिंत नुसती आडोशाला. शिकागोची मातीही मऊ चिकणमाती, तरी तिथे आधी दहा मजले चढले आणि मग थांबलेच नाहीत. आणि सगळ्यात वरचा मजला सगळ्यात महाग झाला.
किशोरराव, लिफ्टलाही स्वतःचा सांगाडा असतो, आणि स्वतःचा पाया. तुमच्या भिंतीला कोण हात लावतंय?

११ एप्रिल
कुरडयांचे दिवस. अख्ख्या बिल्डिंगच्या बायका माझ्या दारावरून गच्चीवर. खाली गहू वाटायचा, चिक शिजवायचा आणि गरम पातेलं चार जिने वर. किशोररावांची बायको जयवंता माझ्या उंबऱ्यात मटकन बसली.
"माहे गुडघे गेले ना बाई! आन् आमचे हे म्हणतेत, लिफ्ट काहून पायजे. कुरडई खातानी नाही इचारत!"
पाणी दिलं. मग विचारलं, "जयवंता, घर कुणाच्या नावावर?"
"माह्याच. टॅक्स वाचते म्हनून."
मला हसूच फुटलं. ईशानच्या वडिलांनी, मोरोपंतांनीही हा फ्लॅट त्याच हिशेबानं माझ्या नावावर घेतला होता. सगळ्या पुरुषांनी हेच केलं, आणि मीटिंगला वर्षानुवर्षं स्वतःच हात वर करतात!

२० एप्रिल
खाली गेले. बसत बसत, एकेक पायरी, रांगत्या पोरासारखी. नितेश खुर्ची घेऊन धावला. म्हटलं, ठेव बाजूला. लाज वाटली का? वाटली. खूप वाटली. तरी उतरले.
किशोरराव म्हणाले, लिफ्ट नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा. झाले सगळ्यांचे हात वर. मी जमिनीवरूनच विचारलं, "ज्याच्या नावावर घर, त्याचंच मत ना? मग मालकिणी कुठायत?"
मागून जयवंता पुढे आली. हाताला चिक तसाच.
"तू काहून आली?" किशोरराव खेकसले.
"घर माह्या नावानं हाय. मंग हातबी माहाच वर जाईन. लिफ्ट पायजे!"
मग दुसऱ्या मजल्यावरची आरती. मग मनकर्णाबाई. मग बाकीच्या. पुरुषांचे हात एकेक करून खाली. लिफ्ट मंजूर!
वर कशी आले? तशीच. उलटी, बसत बसत. मजा आली!

५ ऑक्टोबर
सांगाडा उभा राहिला. भिंतीला एक तडा नाही. पाऊस ओसरलाय, उत्तरेच्या खिडकीतून चिखलदऱ्याकडचे डोंगर दिसतायत. किशोरराव आज गोड आवाजात, "बाई, अदलाबदल करता का? तुमचं वरचं आमाले, आमचं खालचं तुमाले." आता कळली वरच्या मजल्याची किंमत!
नाही म्हणाले. चहा मात्र दिला.

२ नोव्हेंबर
लिफ्टनं खाली उतरले. एका हातात काठी, एका हातात बॅग. ती प्लास्टिकची खुर्ची वॉचमनला देऊन टाकली.
आता पुण्याच्या गाडीत बसून लिहितेय. ईशानला कळवलेलं नाही. दार वाजवीन. आठ दिवसांची पाहुणी. किल्ली माझ्या कमरेला.