रायफल पुतणीला, सळई दादाला

नाही, वकील केलेला नाही. तो चार ओळींचं काम चौदा पानांत करतो आणि वर मलाच विचारतो, तुम्हाला नक्की म्हणायचंय काय. मला काय म्हणायचंय ते मला ठाऊक आहे. सातवीपर्यंत शिकलोय, तेवढं पुरे.

मी, रायफल क्लबातला दुरुस्तीवाला, ज्याला सगळे पाना म्हणतात, शुद्धीवर आहे. छाती साथ देत नाही, डोकं देतं. कुणी दमदाटी केलेली नाही, कुणी गोड बोलूनही हे लिहून घेतलेलं नाही. माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचं खाली लिहिल्याप्रमाणे करावं. शेजारच्या नर्सबाईंनी हे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं, मधलं काही गाळू नये.

एक. राहत्या दोन खोल्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला. वर्षभर आम्ही बोलत नाही. बोलत नाही म्हणून भाऊ नाही असं होत नाही. न्हाणीतला नळ गळतो, वायसर बदलावा. मी बदलणार होतो, आता कंटाळा आलाय.

दोन. पाने, कानशी, व्हाइसचा शिकंजा माझ्या दोस्ताला, कोपऱ्यावरच्या लेथवाल्याला. बारीक कानस क्लबच्या सेक्रेटरीकडे आहे. "उद्या देतो" म्हणून नेली तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते. ती मागून घ्यावी. मी गेल्यावर लाजेकाजेस्तव देईलही.

तीन. बँकेत आहे त्यातून मला पोचवायचा खर्च करावा. भाषणं नकोत. उरेल ते पुतणीला, काडतुसांसाठी. कसली काडतुसं ते पुढे येतंय.

चार. पॉइंट टू टूची जुनी रायफल पुतणीला. हे जरा सविस्तर लिहितो. दम लागतोय, पण लिहितो.

पुतणी म्हणजे दादाची मुलगी. दादाच क्लबात नेमबाजी शिकवायचा. पोरगी याच रायफलीवर तयार झाली, तिच्यापुढे कुणी टिकत नव्हतं. मग एका मोसमात गोळ्या भरकटायला लागल्या. एक वर, एक डावीकडे, कशाचा कशाला मेळ नाही. दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "रायफलीला नावं ठेवू नकोस. तुझा हात गेलाय." तिने रायफल टेबलावर ठेवली ती परत उचलली नाही. पुढे क्लबाने नव्या घेतल्या आणि ही अडगळ माझ्या परवान्यावर आली.

गेल्या वर्षी अंथरूण धरलं, तेव्हा हाताला चाळा म्हणून ती बाहेर काढली. लाकडाचे स्क्रू आवळले, लेथवाल्याने क्लबात नेऊन बार काढले. फरक नाही. मला वाटलं, नेम धरायची पुढची माशी हलत असेल. तीही घट्ट. वेगवेगळ्या पेट्यांतली काडतुसं लावून पाहिली, तीच रड. शेवटी लेथवाल्याच्या खांद्याला धरून मीच क्लबात गेलो, रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवली आणि बार काढले. पिशव्यांचा हात काही थरथरत नाही. तरी निशाणाच्या कागदाची चाळणी.

मग नळीच्या तोंडावरून कापूस फिरवला. एका बाजूला तंतू अडकले. तोंड तिथे झिजलं होतं, म्हणून गोळी बाहेर पडता पडता तिरकी व्हायची. झिजवलं कुणी? दादाने. रोज संध्याकाळी जीव लावून साफ करायचा, पण पोलादी सळई पुढून घालायचा, ती रोज तोंडाला घासायची. मागून घालायची तर बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारायचा दांडा, काढावा लागतो आणि इस्त्रीच्या बाहीला तेल लागतं.

लेथवाल्याने बोटभर नळी कापून नवं तोंड केलं. आता पाच गोळ्यांची भोकं एका नाण्याखाली झाकली जातात.

दादाला बोलावून नळी कापण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद दाखवले. त्याने ते उलटे करून ठेवले. मग म्हणाला, "तिला सांगू नकोस. ती विसरली आहे सगळं."

"विसरली? तुझ्यासमोर चहाचा कप दोन्ही हातांनी धरते ती. माझ्याकडे आली की एका हाताने पिते."

"अरे, पाया पडतो तुझ्या."

थोरला भाऊ असं म्हणाल्यावर माणूस काय करणार. मी म्हणालो, मी जिवंत आहे तोवर सांगणार नाही. तेवढंच म्हणालो. त्या दिवसापासून तो आलेला नाही.

तेव्हा पोरी, तुझा हात गेला नव्हता. परवाना तुझ्या नावावर होईपर्यंत रायफल क्लबात ठेव. सळई मागून घालायची, बोल्ट काढून, आणि तीही क्वचित. साफ केल्यावरचे पहिले काही बार हिशेबात धरू नकोस, ते भटकतात. स्पर्धेत उतर असं मी म्हणत नाही. पाच गोळ्या झाड आणि कागद बघ. बापाला दाखवायचा की नाही, तुझं तू ठरव.

पाच. ती पोलादी सळई दादाला. पडदा अडकवायला बरी आहे. चिडून देत नाही. रोज जीव लावून करायचा, हेही खरं आहे, आणि हेही पोरीला कळलेलं बरं.

साक्षीदार: लेथवाला आणि नर्सबाई. दोघांनी माझ्या डोळ्यांदेखत सह्या केल्या.

सही: केली आहे. लागत नसेल तर लेथवाल्याला विचारा.

ठिकाण: माझी मागची खोली. तारीख नर्सबाई घालतील, पलंगावरून मला कॅलेंडर दिसत नाही.

दादा विचारेल, शब्द का मोडलास. मोडलेला नाही, वरचं परत वाच. यापुढे मला काही सांगायचं नाही.