नावाच्या जागी फुल्या

४ जून
नवी नोकरी लागली. कॉम्प्युटरवाल्यांचं ऑफिस, खिडकीवर बोटभर धूळ, कपांना तळाशी चहाचे डाग. शिकलेली माणसं आणि कप विसळायची अक्कल नाही. काम झाडलोट आणि चहाचं. लेक खूश. ही वही तिनंच दिली, म्हणाली, रोज लिही, अक्षर सुधारेल. चौथीत सुटलेलं अक्षर आता काय सुधारतंय. आमच्या दोघींच्या पायाचं माप एक, म्हणून सकाळी बया माझ्या नव्या चपला घालून कॉलेजात गेली. मी तिच्या तुटक्या अंगठ्याच्या. तरी दिवस छान गेला.

७ जून
हे लोक करतात काय, ते चष्मेवालीला विचारलं. ती इथली मुख्य. दुकानं, बँका असल्यांच्या वेबसाइटवर जे घडतं ते लिहून ठेवणारा प्रोग्राम म्हणे. कधी, कोणी, काय केलं, सगळ्याला वेगळा रकाना. बिघाड झाला की रकाने बघून लगेच सापडतो. मी म्हटलं, म्हणजे चहाडखोरच की. सगळे हसले.

११ जून
प्रोग्राममध्ये सुधारणा चाललीय. नोंदीतली नावं परक्यानं वाचू नयेत म्हणून झाकायची. चाचणीला नाव हवं होतं. एखादं खोटं घालायचं सोडून, प्रोग्राम लिहिणाऱ्या दाढीवाल्यानं माझं विचारलं. मी दिलं, वर लेकीचंही दिलं, गोड आहे म्हणून. पडद्यावर दोन्हींच्या जागी फुल्या. म्हटलं, आमची नावं काय शिव्या आहेत का.

१४ जून
घराच्या दारावरच्या पाटीवर फुल्या. घासल्या, निघत नाहीत. ऑफिसच्या दाराला माझं कार्ड ओळखेना. शेजारीण हाक मारायला गेली आणि तोंड उघडं ठेवून थांबली.

१७ जून
लेक रडत आली. हजेरीत तिचं नाव नाही, मैत्रिणींनाही आठवत नाही. जवळ घ्यायला हाक मारणार तर माझ्याही तोंडात काही नाही. जिचं नाव मीच ठेवलं, तिचं.

१८ जून
चष्मेवालीला धरलं. आमची नावं बाहेर काढ म्हटलं. ती म्हणाली, निघत नाहीत, मुद्दामच तसं केलंय, परत काढता आली तर ते झाकणं कसलं. दाढीवाल्यानं मान खाली घातली. त्यानं पुढची सुधारणाही चालू करून टाकलीय. नाव नसलं तरी ज्यानं माणूस ओळखू येतो, ते सगळं झाकणारी. थांबव म्हटलं. म्हणाला, गेली सगळीकडे, आता आमच्याही हातात नाही.

२० जून
लेक म्हणते, आई, तू माझ्याकडे बघत का नाहीस. बघते गं. चेहऱ्यावरून नजर घसरते. हात धरून बसलेय. हात तरी तिचाच —

२१ जून
दोन ताटं घेतली. दुसरं कोणाला? ठेवून दिलं आत.

२२ जून
दार वाजतंय. कोणी मुलगी. आई म्हणते. मला कुठलं मूलबाळ. पायात माझ्या नव्या चपला, चोरटी कुठली. कडी घातली. शेजारणीला विनवतेय, मावशी, मला ओळखा. ती पण नाही म्हणाली —

दाराशीच बसलीय. रडते.

या वहीत पानोपानी लेक, लेक. अक्षर माझंच. कोणाची ले